दोन ससे, एकच खोली

घरी आलेलं कुणीही मागच्या खोलीत डोकावलं की विचारतं, “काकू, हे दोघं एकत्र कसे काय राहतात? आमचे तर एकमेकांचे केस उपटतात.” म्हणून आमच्या ढवळ्या आणि मैना या दोन सशांचं एकदा सविस्तर सांगते.

ससे दोन असावेत आणि एकत्र असावेत, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे शिवारात तुरीच्या ओळींतून पळणारा रानससा एकटा राहतो, म्हणून पाळीव सशालाही एकटं करमत असेल असं लोकांना वाटतं. पण पाळीव ससा वेगळ्या जातीचा. त्याचे पूर्वज युरोपात जमिनीखाली बिळं करून घोळक्यानं राहणारे. आपण कितीही जीव लावला तरी पहाटे, तो खरा हुशारीत असतो तेव्हा, आपण झोपलेलो असतो.

मात्र दोन आणून एका पिंजऱ्यात सोडले की झालं, असं नाही. बाजारात ‘जोडी’ म्हणून पिल्लं देतात, पण एवढ्या लहान वयात नर-मादी ओळखणं विकणाऱ्यालाही जमतंच असं नाही. दोन्ही नर निघाले तर वयात येताच एकमेकांना फाडतात. नर-मादी निघाले तर साधारण ३१ दिवसांत पिल्लं, आणि व्यायली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पिंजऱ्याच्या आधी दोघांच्या नसबंदीचा खर्च धरा. सशांची सवय असलेलाच डॉक्टर बघा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करता येते. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. ऑपरेशननंतरही नरापासून काही आठवडे पिल्लं होऊ शकतात, तोवर दोघं वेगळेच बरे.

मग ओळख करून द्यायची, तीही दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागेत. आमच्याकडे ती ओसरी होती. आधी मधे जाळी लावून शेजारी ठेवले, एकाच्या अंगाखालचं गोणपाट दुसऱ्याकडे टाकलं, वास ओळखीचा व्हावा म्हणून. मग रोज थोडा वेळ समोरासमोर. पाठलाग, अंगावर चढणं, थोडे केस उडणं चालतं. वरचढ कोण ते ठरत असतं. पण गोल गोल फिरत चावाचावी सुरू झाली की मधे जाड टॉवेल टाका, हात घालू नका. एके दिवशी मैना मान जमिनीला टेकवून ढवळ्यापुढे बसून राहिली. बराच वेळ दोघंही हलले नाहीत. मग ढवळ्यानं तिचं कपाळ चाटायला सुरुवात केली, पार डोळ्याच्या कडेपर्यंत. असं रोज व्हायला लागलं तेव्हा मी जाळी काढली.

जागा मोठी लागते. ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी संस्था दोन सशांना किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सांगते, म्हणजे जवळजवळ एक खोलीच. लपायला खोकी दोन, आणि प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकत नाही. तळाला तारेची जाळी नको, तळव्यांना जखमा होतात. चारा दोन ठिकाणी ठेवा.

मराठवाड्यात सगळ्यात काळजीचा तो उन्हाळा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते. पारा तिशीपुढे गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि मे महिन्यात इथं ४२ अंश नवे नाहीत. पत्र्याच्या खोलीत ससे ठेवूच नका, हे मी हात जोडून सांगते. आमची खोली माळवदाची, जाड भिंतींची, म्हणून निभावतं. लाइट गेली की पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. दोघांना दोन, कारण एकच ठेवली तर मैना ढवळ्याला फिरकू देत नाही.

आजारी एकच असला तरी दवाखान्यात दोघांना एकाच टोपलीतून न्या. एकटा जाऊन आलेला दवाखान्याचा वास घेऊन येतो, दुसरा त्याला परका समजतो आणि जमलेली जोडी मोडू शकते. आणि कुणी दहा-बारा तास तोंडाला काही लावलं नसेल, लेंड्याही दिसत नसतील, तर सकाळची वाट बघू नका, तसेच निघा.