करेरी तलाव: जिथे तंबू ठोकला, तिथे मेंढ्या झोपतात

पाठीवर सगळं बिऱ्हाड घेऊन डोंगरात राहायचं, हा हट्ट माझ्या नणंदेचा. मला उभारून ठेवलेला तंबू, हातात येणारा चहा आणि खेचरावर लादलेलं सामान यांतलं काहीच वर्ज्य नाही. पण ती म्हणाली, "वहिनी, एकदा तरी सगळं आपलं आपण करू." आणि तिने करेरी निवडलं. कांगडा जिल्ह्यात, धौलाधार रांगेच्या कुशीत २९३४ मीटरवरचा तलाव. फार उंच नाही, वाट धोपट आहे, असं तिचं म्हणणं होतं.

वाट धोपटच आहे, पण पाठीवर ओझं असलं की धोपट वाटेलाही पायऱ्या फुटतात. धरमशालेहून घेरामार्गे करेरी गाव गाठायचं आणि तिथून न्युंड ओढ्याच्या कडेकडेने वर चढत राहायचं. ओढा सतत सोबतीला असतो आणि सतत बडबडत असतो, त्यामुळे दोघींना ओरडूनच बोलावं लागत होतं. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, म्हणून धरमशालेत हिंडून तो मिळवला होता. तो डबा, तंबू, भांडी, तांदूळ, डाळ आणि नणंदेने बाल्कनीतल्या कुंड्यांमधून उचललेलं खुरपं. खुरप्याची आठवण राहू द्या. बाकी दिवसभराच्या चढाईबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की वाटेतल्या चहाच्या टपऱ्या नसत्या तर मी वाटेतल्या रिओटीच्या टप्प्याहूनच परत फिरले असते.

तलाव फोटोत दिसतो त्याहून लहान आहे. पाणी उथळ, तळाचे दगड मोजता येतील इतकं नितळ. वरच्या टेकाडावर शंकराचं देऊळ, जवळपास गद्दी जमातीच्या मेंढपाळांच्या दगडी कोठ्या. ऑक्टोबरचा सुरुवातीचा आठवडा होता, माणसं मोजकी होती. त्यांनी आपापले तंबू अगदी पाण्याला खेटून लावले होते, फोटोसाठी. आम्ही नियमाने वागणाऱ्या. पाण्यापासून सत्तर पावलं दूर गेलो आणि एक अशी सपाट, मऊ, गर्द हिरवी जागा सापडली की मला वाटलं, चढ वसूल झाला.

तंबू लावताना समोरच्या दगडावर एक म्हातारबाबा बिडी ओढत बसले होते. लोकरीचा चोला, कमरेला काळ्या दोराचे वेढे. आम्ही काठ्या जोडल्या, मेखा ठोकल्या, एक मेख दगडावर वाकली, ती उपटून पुन्हा ठोकली, दोऱ्या ताणल्या, आत अंथरुणं पसरली. एवढं होईपर्यंत बाबा स्वस्थ. मग बिडी विझवून म्हणाले, "बहनजी, यहाँ तो माल बैठेगा।"

माल म्हणजे मेंढ्या आणि शेळ्या. त्यांचा कळप मागून मिनकियानी जोतावरून, म्हणजे खिंडीतून, उतरत होता. चंब्याकडच्या उन्हाळी कुरणांतून थंडीसाठी खाली कांगड्यात, दरवर्षीप्रमाणे. आणि करेरीला आला की कळप रात्री याच तुकड्यावर बसतो. गवत एवढं गर्द का होतं ते तेव्हा कळलं. वर्षानुवर्षांचं लेंडीखत होतं ते.

"चाचा, पहले क्यों नहीं बताया?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

"आप लोग इतना मन लगाकर कर रहे थे," ते म्हणाले.

नणंद खो खो हसत सुटली. मला अजिबात हसू आलं नाही. अंधार पडत होता, बोटं बधिर झाली होती आणि हा माणूस अर्धा तास आमची करमणूक बघत बसला होता! आजही माझं मत हेच आहे की पहिल्या मेखेलाच सांगायला हवं होतं. पण त्यांनी पुढे काही न बोलता अंथरुणांसकट आमचा तंबू एका बाजूने उचलला, दुसरी बाजू आम्ही धरली, आणि ती वरात देवळाखालच्या उतारावर नेऊन ठेवली. मेखा त्यांनी दगडाने ठोकल्या. एकही वाकली नाही.

कळप आला तो आधी ऐकू आला. मग कुत्री दिसली, केसाळ, गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे. बिबट्या मानेला धरतो म्हणून. मागून शेकडो पाठी त्या हिरव्या तुकड्यावर ओतल्या गेल्या आणि बघता बघता गवत दिसेनासं झालं. कोणी हाकललं नाही, कोणी जागा दाखवली नाही. येऊन बसल्या.

रात्र वाईट गेली. उतारामुळे मी दर तासाला नणंदेच्या अंगावर घसरत होते. बाहेर पाऊल टाकलं की कुत्री भुंकत, म्हणून आम्ही दोघी किती वेळ तशाच पडून राहिलो ते विचारू नका. पाण्याचा फिल्टर मी झोपेच्या पिशवीत घेतला होता, कारण आतल्या पोकळ तंतूंत पाणी गोठलं की ते तडकतात आणि वरून काही कळत नाही. पलीकडे चाचा घोंगडी पांघरून उघड्यावर घोरत होते, त्यांच्यापाशी यातलं काहीच नव्हतं.

सकाळी मात्र एक बदला मिळाला. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली वाहत तलावाच्या वाटीसारख्या खोलगट जागेत साचते. पाण्याकाठचे तंबू दवाने आतून-बाहेरून चिंब होते, वर पांढरा थर. आमचा जवळजवळ कोरडा. चाचांनी शेळीच्या दुधाचा, धुरकट वासाचा चहा आणून दिला. बदल्यात आम्ही खिचडी देऊ केली, पण त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ काही शिजायला तयार नव्हती. त्यांनी एक घास खाऊन पाहिला आणि बाकीची कुत्र्यांना घालू का, असं फार अदबीने विचारलं.

कळप निघून गेल्यावर आम्ही तलावाला फेरी मारली. कोठ्यांच्या मागे, दगडांच्या आडोशाला शौचानंतर टाकलेले ओले रुमाल, म्हणजे वेट वाइप्स. कागदी नव्हेत, ते सुगंधी, न कुजणारे. पाऊस पडला की तिथून सगळं सरळ तलावात जाणार. एवढ्या शेकडो मेंढ्यांनी केलेल्या घाणीवर गवत उगवलं होतं, आणि इथे हे. नणंदेने हातात पिशवी चढवून जमेल तेवढे उचलले. मी मदत केली, शिव्या देत देत.

उतरताना रिओटीच्या अलीकडे कॉलेजची मुलं भेटली. कोरे करकरीत बूट. एकाने विचारलं, वर टॉयलेट आहे ना? नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. नणंदेने सॅक उतरवून खुरपं काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. भर वाटेत, चार मुलांना गोलात उभं करून तिने समजावलं: पाण्यापासून सत्तर पावलं, वीतभर खोल खड्डा, वर माती, रुमाल पिशवीत भरून परत. एकाने विचारलं, "और अगर नीचे पत्थर निकला तो?"

"तो दूसरी जगह खोदो," ती म्हणाली. "जल्दी निकलना पड़ेगा, बस।"