हुकुमचंद मिलची झाडं कापून घरं कुणाला मिळणार?

हुकुमचंद मिल, इंदूरची जुनी कापडगिरणी, १९९१ साली बंद पडली, बेचाळीस एकरच्या वर जागा, तीही भर शहरात, आणि इतकी वर्षं तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही म्हणून आत आपोआप झाडी माजली. कामगारांचे थकलेले पैसे २०२३ च्या डिसेंबरात सुटले, जवळपास २२४ कोटी, पण बत्तीस वर्षांनी, तोवर कितीतरी कामगार वारलेले, पैसे बायका-मुलांच्या हाती आले. मध्य प्रदेश सरकारच्या हाउसिंग बोर्डाने जमीन घेतली म्हणून ते सुटले, आणि त्याबद्दल मी एक अक्षर वाईट बोलणार नाही.

पण आता ती झाडी कापून तिथे फ्लॅट आणि दुकानं उठणार, आणि झाडं वाचवा म्हटलं की लगेच ऐकवतात, मग गरिबांनी राहायचं कुठे? अहो, एवढी देणी फेडून घेतलेली जमीन, ते पैसे कुठून तरी वसूल करणारच ना, मग तिथला फ्लॅट गरिबाला परवडेल असं खरंच वाटतं का कुणाला!

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई पाटणीपुऱ्यात भाड्याने राहतात. एकच खोली, मोरीही आतच, पाण्याचा ड्रम दाराबाहेर ठेवला की घरमालक ओरडतो. आवास योजनेचं घर घ्यायचंय, हप्ता भरायची तयारी आहे, पण घरं निघतात ती लांब. कनाडियाकडे लाइट हाउस या सरकारी घरकुल प्रकल्पाची १०२४ घरं झाली, चांगलंच झालं, पण सकाळी सातला पाटणीपुऱ्याकडे पहिल्या घरी पोळ्या लाटायच्या तर तिथून निघायचं कधी? त्यांना घर हवंय ते कामाच्या जवळ.

आणि त्यासाठी जागा आहे हो! पडायला आलेले एकमजली सरकारी क्वार्टर, रस्ता, नळ, ड्रेनेज सगळं आधीच आहे. सरकारच्या रिडेन्सिफिकेशन योजनेत अशाच जमिनीचा तुकडा बिल्डरला देऊन सरकारी बांधकाम करून घेतात, त्यातच स्वस्त घरांचा हिस्सा सक्तीचा करा, वर चार मजले चढवा, एकही मोठं झाड न तोडता कितीतरी कुटुंबं मावतील. शबे मालवा, म्हणजे माळव्याच्या गार रात्री, म्हणून मिरवतो आपण आणि मे महिन्यात रात्रीसुद्धा कूलरशिवाय झोप नाही, अशा शहराने तीस वर्षांची झाडी घालवायची, तीही महागड्या फ्लॅटसाठी, हे मला मुळीच पटत नाही.

बोर्डाने निदान एवढं करावं, मिलच्या नकाशावर स्वस्त घरं किती, कितीला आणि त्यातली मिल कामगारांच्या घरच्यांना किती, हे छापून लोकांसमोर ठेवावं, कुऱ्हाड लावायच्या आधी.