स्पिनमध्ये आधी हात आवरा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ. सेसना १७२ या छोट्या विमानात एका फेऱ्याचा स्पिन (उचल तुटून विमान गरगरत खाली येणं) आणि सावरणं, यात हजार फूट गेलेच म्हणून समजा.

एका बाजूचा पंख पडला की तो उचलायला हात आपसूक एलरॉनकडे, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या झडपांकडे जातो. तिथंच घात होतो: पडलेल्या पंखाचा एलरॉन खाली येतो, हवेशी कोन वाढतो, स्टॉल, म्हणजे पंखाची उचल तुटणं, आणखी खोल जातो. म्हणून थ्रॉटल (इंजिनाच्या ताकदीचा दांडा) पूर्ण मागे, एलरॉन मधोमध, फिरण्याच्या उलट बाजूचा रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायानं चालणारं) शेवटपर्यंत, मग योक (हातातलं चाक) झटकन पुढे. फिरणं थांबताच रडर सरळ, नाक हळूहळू वर.

फायनलचं, म्हणजे उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्याचं वळण चुकलं तर आतला रडर दाबून विमान ओढू नका. तिथं हजार फूट नसतातच. गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा.