परत केन्ना वतलो?

गल्फमधून परतणाऱ्या माणसाला अमेरिकावाल्यांसारखा "जाऊ की राहू" हा प्रश्न पडत नाही, पडायला जागाच नसते. ओमानमधल्या मस्कतमध्ये तुम्ही पाच वर्षं राहा नाहीतर पंचवीस, तुमचा व्हिसा म्हणजे तुमची नोकरी, नोकरी संपली की रेसिडेंट कार्ड संपलं, सामान बांधा आणि चला. पोरं तिथं जन्मली तरी पासपोर्ट आपलाच. म्हणजे परत यायचंय हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, आणि तरीसुद्धा सांगतो, तयारी कोणाचीच नसते. पैशाची असते, घर बांधून झालेलं असतं, दोन-चार एफडी असतात. पण गोव्यातल्या आपल्या गावात बारा महिने राहायची सवय सुटलेली असते आणि ती सुटलीय हे आपल्याला कळलेलंच नसतं.

कारण मधली पंधरा-सोळा वर्षं आपण गाव बघतो ते फक्त सुट्टीत. एक तर चवथीला, म्हणजे गणपतीत, नाहीतर मे महिन्यात. चवथीला यायचं म्हणजे घर रंगवलेलं, भाऊ-वहिनी-भाचरं सगळी जमलेली, गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधून तयार, नेवऱ्यांचे डबे भरलेले. मे महिन्यात यायचं म्हणजे मानकुराद आंबे, लग्नं, देवळातला कसला ना कसला उत्सव. तीस-पस्तीस दिवस आणि मग विमान. त्या दिवसांत रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस दोनच प्रश्न विचारतो, "केन्ना आयलो?" (कधी आलास) आणि लगेच "परत केन्ना वतलो?" (परत कधी जाणार). आपण तारीख सांगायची, त्यानं मान डोलवायची, झालं. आता फोंड्याच्या बाजारात लोक विचारतात तेव्हा मी म्हणतो की वचूंक ना, आता हांगाच, म्हणजे जायचं नाही, आता इथंच. त्यावर पुढचा माणूस क्षणभर गप्प होतो हो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "कितें जालें?" काय झालं म्हणजे? कंपनीनं काढलं का, तब्येत बिघडली का, की बायकोशी काही. स्वतःच्या गावात स्वतःच्या घरी राहायला आलो याला काहीतरी भयंकर कारण असलंच पाहिजे अशी सगळ्यांची खात्री आहे.

पाहुणा होतो तोवर मजा होती, हे मात्र कबूल करायला हवं. सुट्टीत आलो की आई मासेवालीला आदल्या दिवशी सांगून ठेवायची, मग रोज इसवण, सुंगटं, चणक, चुकून बांगडा दिसला तर ती वैतागायची. मला वाटायचं गोव्यात लोक असंच जेवतात. या वर्षी जूनमध्ये पहिल्यांदा पूर्ण पावसाळा घरात काढला तेव्हा कळलं की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते ही पेपरात वाचायची बातमी नाही, ती रोज दुपारी ताटात दिसते. खाडीतली शेवटं, खुबे, तिसऱ्यो मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर पुरुमेताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला, सुका बांगडा आणि गालम्याची (सुक्या जवळ्याची) किसमूर. आणि 1 ऑगस्टला बंदी उठेपर्यंत आमच्याकडे श्रावण. भावाला म्हटलं, अरे म्हणजे तीन महिने मासळीच नाही? तो म्हणाला, तुला कोणी सांगितलं होतं का की रोज इसवण मिळतं म्हणून?

पावसाचं तर विचारूच नका. मस्कतला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस, तो पण एक-दोन दिवसांत पडून मोकळा होतो, आणि तेवढा पडला तरी वाद्यांना, म्हणजे तिथल्या कोरड्या नदीपात्रांना, पूर येतो, शाळा बंद, रस्ते बंद. ऑक्टोबर 2021 मध्ये शाहीन वादळ आलं तेव्हा आम्ही खिडकीत बसून रस्त्यावरून गाड्या तरंगताना बघितल्यात. इथं 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि शेजारचा माणूस छत्री घेऊन शांतपणे दूध आणायला जातो. मला पाऊस आवडतो, तिथं असताना दर जूनमध्ये फोनवर आईला सांगायचो की खिडकीजवळ फोन धर, आवाज ऐकू दे. पण आवाज ऐकणं वेगळं. तिथून आणलेले लेदरचे बूट पंधरा दिवसांत हिरवे झाले, कपाटातल्या सुटाला बुरशी, मीठ चमच्याला चिकटून बसलेलं, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि संध्याकाळी एखादा माड कुठंतरी तारेवर पडला की लाइट गेली. सोळा वर्षं एसीत झोपलेला माणूस पहिल्या आठवड्यात रात्री दोनला व्हरांड्यात येऊन बसतो. आई आतून म्हणते, नीज रे, येतली ती. येते, पण तिच्या वेळेनं.

आता पैशाची गोष्ट, कारण मस्कतहून मेसेज येतात ते याच विषयावर, त्यामुळे जरा नीट लिहितो. आपल्याकडे फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आणि इन्कम टॅक्स हे दोन वेगळे कायदे आणि दोघांच्या लेखी तुम्ही वेगवेगळ्या वेळी परत येता. फेमाला तुमचा इरादा कळला की पुरे, कायमचं राहायला म्हणून उतरलात की त्या दिवसापासून तुम्ही रेसिडेंट, मग एनआरई खातं, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेत जाऊन ते साध्या खात्यात बदलून घ्यावं लागतं, आणि एनआरई एफडीवरचं व्याज जे करमुक्त होतं ते तिथून पुढं करपात्र. एफसीएनआर डिपॉझिट, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दरानं चालू ठेवता येतं. परकीय चलन रुपयात बदलायचं नसेल तर आरएफसी नावाचं खातं मिळतं, ते माझ्या बऱ्याच मित्रांना माहीतच नव्हतं. इन्कम टॅक्सवाले मात्र इरादा वगैरे बघत नाहीत, ते दिवस मोजतात. त्यात एक मधली पायरी आहे, आरएनओआर, म्हणजे रहिवासी आहात पण "सामान्य रहिवासी" अजून नाही. मागच्या 10 वर्षांपैकी 9 वर्षं तुम्ही अनिवासी होता, किंवा मागच्या 7 वर्षांत मिळून भारतात 729 दिवस किंवा त्याहून कमी राहिलात, तर ही पायरी मिळते आणि तेवढ्या काळात बाहेरच्या देशातल्या उत्पन्नावर इथं कर लागत नाही. गल्फवाल्याला साधारण दोन-तीन वर्षं तरी याचा फायदा होतो. एवढंच सांगतो की पासपोर्टवरचे शिक्के सांभाळून ठेवा आणि सीएकडे येण्याआधी जा, आल्यावर नको.

पण सीए तुम्हाला वर्गणीबद्दल काही सांगणार नाही. गल्फवाल्याचा गावात एक रेट ठरलेला असतो. देवळाच्या उत्सवाला बाकीचे पाचशे देतात तिथं आपले पाच हजार, नाटकाला, क्रिकेट टुर्नामेंटला, भजनी मंडळाच्या नव्या पखवाजाला, सगळीकडे तोच हिशोब. देताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, फलकावर नाव लागायचं. आता पगार बंद झालाय पण रेट तोच. पावतीपुस्तक घेऊन आलेल्या पोरांना मी म्हटलं की बाबांनो मी आता इथलाच झालो, मला इथलाच दर लावा, तर ती हसायला लागली, त्यांना वाटलं भाऊ जोक करतोय. शेवटी मी बाकीच्यांएवढेच दिले. पावती फाडताना त्या पोराचं तोंड असं झालं की बायको म्हणाली, दोन हजार तरी द्यायचे होते. मी नाही दिले. नातेवाइकांचंही तसंच, बॅग उघडली की टँग, निडो, टायगर बाम, अत्तराच्या बाटल्या निघायच्या. आता बॅगच नाही तर निघणार काय.

बायकोबद्दल लिहू का नको असा विचार करत होतो, तिला विचारलं, ती म्हणाली लिही, पण खरं लिही. तर खरं असं की माझ्यापेक्षा तिचं जास्त अवघड गेलं. मी परत आलो ते माझ्या आईच्या घरी, ती आली ते सासूच्या. मस्कतला रुवीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर तिचं होतं, ती शाळेत शिकवायची, स्वतःचा पगार होता, स्वतःची गाडी चालवायची. इथं पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये काय कुठं ठेवायचं इथपासून सुरुवात. तिथं फ्रोझन नारळ मिक्सरला लावला की झालं, इथं आई ऐंशीच्या घरात असूनही आदोळीवर बसूनच नारळ खवणार आणि मिक्सरच्या वाटपाला चव नसते हे रोज एकदा बोलून दाखवणार. दोघी चांगल्या आहेत हो, पण चांगली माणसं एका चुलीपाशी आली की भांडतात. नोकरीचंही सोपं नाही. गोव्यात सरकारी जाहिरात उघडली की मामलेदाराकडचा 15 वर्षांचा रहिवासी दाखला आधी दिसतो, आणि आम्ही नेमकी तेवढीच वर्षं बाहेर. आता ती एका खासगी शाळेत लागलीय, पगार तिथल्या मानानं सांगण्यासारखा नाही, पण सकाळी साडेसातला ती स्कूटर काढून बाहेर पडते तेव्हा घरातलं वातावरण एकदम सुधारतं, तिचंही आणि आईचंही.

मुलीला तर "परत आलो" हे वाक्यच लागू होत नाही. आम्ही परतलो, ती परदेशी आली. तिचा जन्म तिथला, मैत्रिणी मल्याळी, तमिळ, एक बांगलादेशी, सगळ्यांची आपापसातली भाषा म्हणजे हिंदी-इंग्रजीची खिचडी. कोकणी तिला सगळी कळते पण बोलायला लाजते, कारण बोलली की भावंडं हसतात. मराठी वाचता येतं ते तिथल्या मराठी मंडळाच्या शनिवारच्या वर्गामुळे. शाळेत तिला "ए मस्कत" म्हणतात. ती मला एकदा म्हणाली की बाबा तुम्ही कंटाळलात म्हणून आपण आलो, मला कोणी विचारलं का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. व्हिसाचं कारण सांगता येतं, पण चौदा वर्षांच्या पोरीला व्हिसाचं कारण सांगून समजूत पटत नाही. एकच गोष्ट तिला इथली मनापासून आवडली, ती म्हणजे पोदेर, आमचा पाववाला. सकाळी सायकलचा भोंगा वाजला की ती धावत जाते, उंडे कुठले, पोई कुठली, काकणं कधी येतात, तिला आता माझ्यापेक्षा जास्त माहिती.

गाडीबद्दल एक वाक्य. ओमानमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, त्यामुळे जे येणार आहेत त्यांनी पहिला महिना फोंड्याच्या तिस्क चौकात गाडी घेऊन जाऊ नका, स्कूटरवर हात बसवा आधी.

आणि घराचे कागद. तिथून पैसे पाठवून वरचा मजला चढवला, टाइल्स बदलल्या, पण फॉर्म एक आणि चौदावर, म्हणजे आमच्याकडच्या जमिनीच्या उताऱ्यावर, अजून आजोबांचं नाव. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे विकायचं म्हटलं तर प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या बायकोची किंवा नवऱ्याचीही सही लागते. आमचे काका-आत्ये मिळून इतके की सह्यांची यादी करायलाच एक रविवार गेला, त्यातली एक चुलतबहीण इंग्लंडला, एक भाऊ कुवेतला. सुट्टीवर आलेला माणूस या भानगडीत पडत नाही, कारण तीस दिवसांत काही होत नाही हे त्याला माहीत असतं. वाटण्यांसाठी कोर्टात इन्व्हेंटरी लावायची की आपसात करायचं यावर सध्या घरात दोन पक्ष आहेत. मी आपसातवाल्यांच्या बाजूनं.

तिथल्या इतक्या वर्षांत मला कोणी कशावरही मत विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं, देश त्यांचा. मतदानाचं म्हणाल तर अनिवासी भारतीयांना यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं, आणि कोण रजा टाकून येतो. त्यामुळे परवा रविवारी ग्रामसभेला गेलो तेव्हा मागच्या बाकावर बसून फक्त ऐकायचं असं ठरवलं होतं. पण विषय निघाला कचऱ्याचा, आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वळणावर प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग पडतो त्याचा, आणि मी उभा राहिलो. माइक नव्हता. मी म्हटलं की ढीग रात्री पडतो, टाकणारे बाहेरचे नाहीत, आपल्याच वाड्यातले आहेत, कारण कुत्र्यांनी फाडलेल्या पिशव्यांत आपल्याच लग्नाच्या पत्रिका निघतात. एकदम गलका. एकानं ओरडून सांगितलं, "तुका कितें खबर, तू मस्कतांत आसलो!" दुसरा म्हणाला, बोलूंक दी ताका. शेजारची वहिनी म्हणाली की पत्रिका माझ्या पोराच्या लग्नाची असली म्हणून काय झालं, तुझ्याही घरातलं निडोचं पत्र्याचं डबडं तिथं बघितलंय मी. बराच वेळ चाललं ते. शेवटी ओला-सुका कचरा वेगळा होतो की नाही बघायला वाड्यातून दोन माणसं हवीत असं ठरलं आणि पंच माझ्याकडे बघून म्हणाले, ह्याचं नाव लिहा, हा आता घरीच असतो. दुसरं नाव त्या वहिनीचं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातला गाडी येते, आम्ही दोघं पिशव्या बघत उभे राहतो, आणि ती माझ्याशी अजून बोलत नाहीये.