तडा थर्माकोलला गेला

सकाळी रामबागेतून पोहे-जलेबी घेऊन येत होतो, लेक सायकलवर पुढे. वळणावर रेती. चाक घसरलं आणि डोकं थेट ओट्याच्या कडेवर. उठला, आधी जलेबी शाबूत आहे का ते बघितलं!

हेल्मेटवर नुसता ओरखडा, पण आतल्या थर्माकोलला बोटभर तडा. तो थर दबून धक्का स्वतः खातो, पण एकदाच. म्हणून संध्याकाळी नवं आणलं. कालपर्यंत "गल्लीत कशाला ते टोपलं?" म्हणणाऱ्या आजीनंच पट्टा हनुवटीखाली बोट घालून तपासला.

दुचाकीवर ४ वर्षांपुढच्या पोरांनाही कायद्यानं हेल्मेट सक्तीचं. आणि मी परवाच त्याला स्कूटरवर मागे, बोडक्या डोक्यानं, राजवाड्यापर्यंत नेलं होतं.