आवाज बंद करून

आवडलेला चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना मी मधेच त्याचा आवाज बंद करतो. ही खोड कधी लागली ते आठवत नाही. घरातले सगळे झोपलेले होते, पडद्यावर गाड्या उडत होत्या आणि रिमोट हाताशी होता, एवढेच निमित्त असावे. मात्र गोंगाटासाठी बदनाम असलेल्या चित्रपटांचा गोंगाट काढून घेतला की त्यांची पारख चटकन होते, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

मारधाडपटाला तर हीच परीक्षा लावावी. आवाज गेल्यावरही कोण कोणाच्या मागे लागले आहे आणि ठोसा कोणाला बसला हे कळत असेल, तर दिग्दर्शकाने आपले काम केले आहे. 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' या १९२८च्या मूकपटात बस्टर कीटनच्या अंगावर घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या पोकळीत उभा असल्यामुळे वाचतो. भिंत खरी, माणूसही खरा. आजही पाहताना काळजात धस्स होते. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मध्ये (२०१५) जॉर्ज मिलर यांनी महत्त्वाची गोष्ट शक्यतो चौकटीच्या मध्यभागीच ठेवली, त्यामुळे मार्गारेट सिक्सेल यांचे संकलन कितीही वेगवान असले तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. याउलट, गदागदा हलणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली हाणामारी आवाजाविना पाहिली, तर अंधारात कोणीतरी हरवलेली किल्ली शोधत असावे असे वाटते.

भयपटांच्या बाबतीत हा न्याय उलटा होतो. भीतीच्या प्रसंगी डोळे झाकून घेणाऱ्यांचे मला नवल वाटते. झाकायचे असतात ते कान. 'सायको'मधला (१९६०) न्हाणीघरातला खून हिचकॉक यांना संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हरमन यांनी तरीही त्यासाठी तंतुवाद्यांचा तो किंचाळणारा तुकडा रचला आणि तो ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपला आग्रह सोडला. तोच प्रसंग आवाज बंद करून पाहिला तेव्हा मला पडदा, पाणी, हात, सुरी अशी कसबी चित्रमालिका दिसली, पण अंगावर काटा आला नाही. अर्थात, शांततेनंतर एकदम ठणाणा करून दचकवण्याला मी भीती मानत नाही. तेवढे तर वाऱ्याने आपटलेले दारही करते.

निर्वातात ध्वनी पोहोचत नाही हे शाळेत शिकलेले असूनही विज्ञानपटांतली याने अवकाशात डरकाळ्या फोडतात, आणि आपणही ते खपवून घेतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'मध्ये (१९६८) मात्र एक अंतराळवीर शिरस्त्राणाविना यानाच्या हवाबंद कक्षात फेकला जातो, भिंतींवर आदळतो, आणि कक्षात हवा शिरेपर्यंत काहीही ऐकू येत नाही. प्रथम पाहताना मी घाईने रिमोट तपासला होता. सवयीने बटण आपणच दाबले की काय, अशी शंका आली.

ॲनिमेपाशी, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांपाशी, माझी परीक्षा फसते. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात, पण ॲनिमेत पुष्कळदा एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे होतात. काटकसरीतून रुळलेल्या या रीतीला 'हालचाल कमी' म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तेच तिचे बळ वाटते, कारण थांबलेल्या चित्राकडे पाहायला सवड मिळते. 'माय नेबर टोटोरो'मध्ये (१९८८) पावसात बसथांब्यावर एक मुलगी धाकट्या बहिणीला पाठीवर घेऊन उभी असते आणि शेजारी तो अगडबंब प्राणी येऊन उभा राहतो. ती त्याला छत्री देते. झाडावरून छत्रीवर टपकणाऱ्या थेंबांचा आवाज त्याला इतका आवडतो की तो जोरात उडी मारतो आणि झाडावरचे सगळे पाणी एकदम खाली कोसळते. या प्रसंगाचा आवाज बंद करण्याचे मी अनेकदा ठरवले आहे. पहिला थेंब पडतो आणि बटणावरचे बोट तसेच राहते.