बाईंचा ‘ला’, माझा ‘सा’

मुलीला पियानो शिकवणाऱ्या आमच्या बाई सोमवारी पहाटे गेल्या आणि अंत्यविधी झाला एकोणीस दिवसांनी, शनिवारी. एकोणीस! आपल्याकडे एवढ्यात तेरावं उरकून माणसं कामालाही लागलेली असतात.

हे मला इथल्या आठ वर्षांत पचलेलं नाही. नवरा हॉस्पिटलात कामाला, त्याला या कागदांची सवय आहे. तो शांतपणे सांगतो: आधी डॉक्टरचा दाखला, मग तो मेडिकल एक्झामिनरने तपासायचा (9 सप्टेंबर 2024 पासून इंग्लंड-वेल्समध्ये हे सगळ्यांनाच लागू झालं), मग रजिस्ट्रार, मग दफनाची नाहीतर दहनाची वेळ, आणि पाळकांची सवड. आमचे पाळक एकटेच कितीतरी चॅपलं सांभाळतात. सगळं पटतं. पण मधले एकोणीस दिवस बाई कुठे होत्या? फ्युनरल डायरेक्टरकडे, शीतगृहात. इकडे पोस्टाच्या रांगेत बायका विचारतायत, “शनिवारी आहे, येताय ना?” लग्नाचं विचारावं तसं. मुलीला शाळेत सोडताना रोज बाईंच्या घरावरून जायचं, पडदे ओढलेले. तेराव्या दिवशी मी घरच्या घरी एक पणती लावली. बाईंच्या देवाला चालतं की नाही हे विचारायच्या भानगडीत पडले नाही.

आम्ही वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या दक्षिणेला एका लहान गावात राहतो. तिथे निम्मं गाव एकाच आडनावाचं असतं, म्हणून लोक नावापुढे धंदा नाहीतर शेताचं नाव जोडतात. बाईंच्या आडनावापुढे ‘पियानो’ होतं. आपल्याकडचे ‘पोस्टातले कुलकर्णी’ तसंच. मी त्यांना बाईच म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं. पहिले दोन महिने मी “बाई” अशी हाक मारली की त्या हात हलवून घरात निघून जायच्या. त्यांना वाटायचं मी निरोप घेतेय.

चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी गावाला पियानो शिकवला आणि रविवारी चॅपलात गाणं उचललं. इथे त्या माणसाला ‘कोडूर कानी’ म्हणतात, शब्दशः गाणं उचलणारा. कीर्तनात मागे उभा राहून ध्रुपद धरणारा असतो ना, त्याच्या जवळचं काम. फक्त इथे मागे नाही, पुढे उभं राहायचं, आणि सगळं चॅपल चार पट्ट्यांत नव्हे, चार वेगवेगळ्या ओळींत गातं: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. कुणी क्लास लावलेला नसतो. दूधवाला बास गातो.

मुलीला घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर एक जुना पिवळा तक्ता होता. उभ्या ओळीत खालून वर: डो, रे, मी, फा, सो, ला, टी. बाई छडीने एकेक अक्षर दाखवत होत्या आणि मुलगी गात होती. मग बाईंनी पियानोवर भलतीच पट्टी दिली, आणि तक्ता तोच, डो मात्र नवीन जागी! मी बाहेरच्या खुर्चीवरून उठूनच आत गेले. नगरला मी गांधर्वच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या आहेत. गोऱ्या लोकांचं संगीत म्हणजे पाच रेषा आणि पक्के बांधलेले सूर, अशी माझी ठाम समजूत होती. फिरता सा ही आपली मिरास!

मी बाईंना तसं ऐकवलंही. थोडं जास्तच ऐकवलं. भातखंड्यांनी हिंदुस्तानी संगीताचा केवढा मोठा ग्रंथ लिहिला आणि तोही मराठीत, विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. मग म्हणाल्या, ही ‘सोल-फा’ पद्धत नॉरिचच्या सारा ग्लोव्हर नावाच्या बाईची, जॉन कर्वेन नावाच्या पाळकाने ती 1840 च्या दशकापासून पसरवली, आणि वेल्सने उचलली कारण ती स्वस्त होती. पाच रेषा छापायला महाग, ही साध्या अक्षरांच्या खिळ्यांनी छापून व्हायची. खाणीत राबणारी माणसं रात्री त्यावरून गाणं वाचायला शिकली. इथल्या चॅपलांचा सामाईक स्तोत्रसंग्रह 2001 मध्ये आला, त्याचीसुद्धा सोल-फा आवृत्ती निघाली.

त्यानंतर आमची गट्टी जमली. त्यांचा ‘फे’ म्हणजे आपला तीव्र मध्यम, ‘टा’ म्हणजे कोमल निषाद. वरच्या सप्तकाला आपण भातखंडे लिपीत डोक्यावर टिंब देतो, ते बारीक रेघ देतात. मी देव मानते का हे बाईंनी कधी विचारलं नाही. आल्टोला एक बाई कमी होती, मला बसवलं.

आणि तिथेच भांडण सुरू झालं. वेल्सच्या लोकांना मायनर, म्हणजे उदास वळणाच्या, चाली फार प्रिय. जोसेफ पॅरी ॲबरिस्टविथलाच संगीताचा प्राध्यापक होता, त्याने गावाचंच नाव देऊन केलेली एक चाल आहे, 1879 ची. ऐकलीत तर आसावरी थाटाचा अंधार आठवेल. आता सोल-फात मायनर चालीचं घर ‘ला’. चाल ‘ला’वर सुरू होणार, ‘ला’वर संपणार, आणि ‘डो’ आपला बाजूला उभा. मला हे झेपेना. जिथे घर तिथे सा! चाल जिथे येऊन टेकते त्याला धैवत म्हणायचं? हे म्हणजे घरमालकाला पाहुणा म्हणणं झालं. बाईंचं म्हणणं, डो सोडून कसा जाईल, तो तिथेच आहे, आपण फक्त ‘ला’च्या खिडकीशी बसलोय. मी मूर्च्छना समजावली, म्हणजे सूर तेच ठेवून त्यातल्या दुसऱ्याच सुराला सा मानणं. त्यांनी मान हलवली आणि ऐकलं नाही. मी माझ्या पुस्तकात प्रत्येक ‘ला’वर पेन्सिलीने ‘सा’ लिहायचे. पुढच्या गुरुवारी ते खोडलेलं असायचं.

एकदाच त्यांनी मला गप्प केलं. चॅपलच्या मागच्या खोलीत मेघालयातल्या खासी टेकड्यांचा जुना नकाशा आहे. इथल्या मंडळींनी पाठवलेला मिशनरी थॉमस जोन्स 1841 मध्ये तिकडे पोचला, त्याने खासी भाषा वेल्श वळणाच्या रोमन अक्षरांत लिहायला घेतली. मिझोराममध्ये अजून सोल-फा वाचून चार ओळींत गातात. बाईंनी विचारलं, “तू कधी ऐकलंस का?” मी म्हटलं, नगरहून फार लांब आहे हो. खरं तर आजवर वेल्सच जवळचं वाटलं होतं.

शनिवारी चॅपल गच्च भरलं होतं. एरवी रविवारी वीस डोकी नसतात. कॅनडाहून एक विद्यार्थी आला होता, केस पांढरे झालेला. एकोणीस दिवस होते म्हणून आला. मला बाबांचं आठवलं. भावाचा फोन आला तेव्हा इथे मध्यरात्र होती. पहिली ट्रेन, लंडन पाच तास, मग विमान, मग मुंबईहून नगर. भाऊ म्हणाला, “ताई, थांबता येणार नाही, गुरुजी संध्याकाळच्या आत म्हणतायत.” मे महिना होता, तो बरोबरच होता. आपल्याकडे कुणी हौसेने घाई करत नाही, उन्हाळाच तसा असतो. मी अमरधाम व्हॉट्सॲपवर पाहिलं.

पॅरीची ती चाल शेवटी होती. पुढे कुणी उभं नव्हतं. ऑर्गनने सूर दिला आणि क्षणभर सगळे थांबले, नेहमीच्या हाताची वाट बघत. मग मागून बास आला, बहुतेक दूधवाल्याचाच, आणि बाकीच्या तीन ओळी त्याला येऊन मिळाल्या. मी आल्टो गायले. रडता रडता सूर लागतो हे मला माहीत नव्हतं.

नंतर मागच्या खोलीत हॅम सँडविच, बारा ब्रीथ (मनुका घातलेला इथला गोड पाव) आणि कपबशांचा डोंगर. मी विसळत होते, शेजारी एक आजी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, आल्टोची पुस्तकं बाईंच्या कपाटात होती, तुझं घेऊन जा, गुरुवारी सातला तालीम चालूच आहे.

घरी येऊन उघडलं. पॅरीच्या पानावर सगळे ‘सा’ खोडलेले. पण मी लिहिते दाबून, कागद तिरका धरला की खड्डे दिसतात.

गुरुवारी पेन्सिल नेणार आहे.